फीनमावशी अस्तित्वात नाही

१

डबा गेला हे शुक्रवारी कळलं आणि सापडला तो मंगळवारी. विव्हिनावर खरं संकट कोसळलं ते डबा सापडल्यामुळे.

'कालव्याकाठचं दुकान' ही मालिका सत्तावीस वर्षं चालू होती, आणि त्या दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पहिल्या भागापासून फीनमावशीच्या बिस्किटांचा डबा होता. पांढराशुभ्र, निळ्या अक्षरांचा, मधोमध मावशीचा चेहरा. अशी बिस्किटं जगात कुठेच होत नव्हती. पडद्यावर खऱ्या कंपनीचं नाव दिसू द्यायचं नाही हा वाहिनीचा नियम, म्हणून त्या दुकानातला साबण, मोहरी, बिअर सगळंच मनचं. तरीही गेन्टपासून ओस्टेन्डपर्यंत लोक किराणावाल्याला विचारत, फीनमावशी संपली का? आणि किराणावाले, गिऱ्हाईक तोडायचं नाही म्हणून, पुढच्या आठवड्यात येईल असं सांगत.

आता मेखेलेनच्या एका छोट्या म्युझियमने 'कधीच न विकलेला माल' असं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. मानाचा पाहुणा अर्थातच पहिल्या भागातला तो अस्सल डबा. मागाहून करून घेतलेले बाकीचे डबे छापील आणि धुरकट, हा एकच हाताने रंगवलेला. म्युझियमवाले त्यावरचा मावशीचा चेहरा तीन मजली भिंतीवर मोठा करून लावणार होते.

शुक्रवारी विव्हिना डबा पुसायला गेली तर काचेचं कपाट रिकामं. मंगळवारी सकाळी निर्माता तिबो याने सगळ्यांची सामानाची कपाटं उघडायला लावली, आणि विव्हिनाच्याच कपाटात, रेनकोटाखाली, डबा निघाला.

विव्हिना म्हणजे प्रॉपर्टीची, म्हणजे सेटवरच्या सामानाची, खोली सांभाळणारी. मालिका जेवढी जुनी, तेवढी तीही इथं जुनी. तिने डबा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "हा तो डबा नाही."

तिबो पस्तिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. नाकासमोर भिंत आली तरी चालणारा. "असं होय," तो म्हणाला. "म्हणजे खरा तुम्ही विकलात, आणि म्युझियमच्या माथी मारायला हा खोटा करवून घेतलात. मी नुसती चोरी म्हणत होतो. तुम्ही तर फसवणूकही पदरात घेतलीत."

हिशेब इतका चोख बसला की विव्हिनाने डबा गुपचूप खाली ठेवून दिला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाईला संध्याकाळी कामावरून काढायचं ठरलं.

फक्त एक अडचण होती. कामावरून काढायच्या कागदावर कायदा विभागाची सही लागते, आणि कायदा विभागात गोदेलीव्ह स्मेयर्स बसायची.

२

गोदेलीव्ह जे काम करायची, ते ऐकून लोकांना वाटे ही थट्टा करतेय. लेखकांनी मालिकेसाठी नाव काढलं, की त्या नावाची खरी कंपनी वा खरं माणूस कुठे नाही ना, हे ती शोधून काढी. सापडलं की नाव बाद. नाही सापडलं की कागदावर तिचं ठरलेलं वाक्य: 'अशी व्यक्ती वा कंपनी अस्तित्वात नाही. खात्री केली आहे.' वर शिक्का. माणसांनाही ती असंच तपासायची. समोर कुणी आलं की मनातल्या मनात एक रेघ मारून डावीकडे जमा, उजवीकडे नावे. तिबो दोन वर्षांत अजून उजवीकडेच होता.

"सही द्या, मॅडम," तिबो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत मी माझं नावसुद्धा खरं मानत नाही," गोदेलीव्ह म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग."

प्रॉपर्टीच्या खोलीत नेहमीचा वास होता. सरस, वार्निश आणि उकळता चहा. कोपऱ्यातल्या शेगडीवर सूप शिजवायचं भलंमोठं पातेलं कायम चहाने भरलेलं असे. कॉफीवर जगणाऱ्या या देशात विव्हिना एकटीच एवढा चहा कशी रिचवते, याचं गोदेलीव्हला नवल वाटे. दर वाढदिवसाला ती तिला भारीतला चहा आणून देई. विव्हिनाची बोटंसुद्धा आताशा तपकिरी झाली होती.

गोदेलीव्हने एक कप ओढला आणि पातेल्यात पळी घातली.

विव्हिनाने तो कप हातातून काढून घेतला. "तो नको पिऊस बाई. सकाळपासून उकळतोय."

"बरं. मग सांग, हा डबा तो नाही म्हणजे काय?"

"मी एक वाक्य बोलले तर चोरीची फसवणूक झाली. दुसरं बोलले तर खून निघेल. मी काही बोलत नाही." विव्हिनाने पदराची कड असती तर तोंडात धरली असती, तिच्याकडे एप्रन होता, तिने तोच पिळला. "पोटच्या पोरासारखा सांभाळलाय तो डबा. मला कळत नाही?"

"काचेच्या कपाटाची किल्ली?"

"गळ्यात. फक्त गुरुवारी इथे सगळ्यांसाठी सूप करते तेव्हा खिळ्याला अडकवते, वाफेने धातू तापतो."

"आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना."

"मागच्या गुरुवारी सूपला इकडे कोण कोण होतं?"

विव्हिनाने चार नावं घेतली. तिबो. दुकानवालीचं काम करणारी ओडिल. बाउडवाइन नावाचा बेकरीवाला, ज्याला फीनमावशीची खरीखुरी बिस्किटं काढायची होती. आणि म्हातारा सेर्व्हास. एके काळी वाहिनीच्या चित्रशाळेत होता, निवृत्त झाल्यावरही गुरुवारी खिम्याच्या गोळ्यांचं सूप प्यायला यायचा, कारण एकट्यापुरते गोळे वळायचा त्याला कंटाळा.

"आणि तुझ्या कपाटाला कुलूप?"

"गेल्या हिवाळ्यात मोडलं."

गोदेलीव्ह दारापर्यंत गेली, तेव्हा विव्हिना पाठीमागून हळूच म्हणाली, "तिबोने आज एवढी कपाटं उघडली ना, त्यातलं पहिलं माझं उघडलं. सरळ माझ्याकडेच आला तो."

३

"तिचंच कपाट पहिलं का उघडलं, असं ती विचारतेय," गोदेलीव्हने तिबोला सांगितलं.

"कारण बाकीच्यांना कुलपं होती," तिबो म्हणाला. "माणसं बोलावून कुलपं काढेपर्यंत जे उघडं होतं ते आधी पाहिलं. यात काय रहस्य आहे?"

काहीच नव्हतं, आणि गोदेलीव्हची थोडी निराशाच झाली. तिबो गुन्हेगार निघाला असता तर आठवडा बरा गेला असता.

"हा डबा तुम्ही ओळखलात कसा?"

"रोज मॉनिटरवर बघतो. पांढरा, निळी अक्षरं, बाई. यात ओळखायचं काय?"

"कधी हातात घेतला होता?"

"मी निर्माता आहे, मॅडम. मी डबे हातात घेत नाही."

बेकरीवाला बाउडवाइन उपाहारगृहात भेटला. माणूस गोल, हसरा, आणि कोटाच्या प्रत्येक खिशात नमुन्याची बिस्किटं. त्याने आधी दोन तिच्या हातावर ठेवली आणि मग बोलायला सुरुवात केली.

"बाई, डबा चोरून मला काय करायचंय? मला त्याची परवानगी हवी आहे. चोराला परवानगी कोण देईल?" मग त्याने डोळे बारीक केले. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी."

"सगळेच म्हणतात." ते खरं होतं. ट्राममध्ये अनोळखी माणसं तिच्याकडे बघून हसत. एकदा लिअरच्या बाजारात एका आजीने तिला अंड्यांचा भाव विचारला होता. आपला चेहरा स्वस्त कापडासारखा आहे, ठिकठिकाणी तोच दिसतो, अशी गोदेलीव्हने समजूत करून घेतली होती. "डबा तुम्ही जवळून पाहिलाय?"

"पाहिलाय म्हणजे? चारी बाजूंनी फोटो काढलेत, महिन्यापूर्वी. हे बघा."

त्याने फोनमधले फोटो दाखवले. गोदेलीव्हने चष्मा कपाळावर चढवला आणि पाहिलं. बाउडवाइनने फोटो काढताना समोर बिस्किटांची ताटली ठेवली होती. मावशीचा चेहरा त्या ढिगामागे गेला होता. डबा मात्र स्पष्ट होता, आणि त्याचा रंग दुधाच्या कॉफीसारखा होता.

"हा पिवळट का दिसतोय?"

"फोनच भिकार आहे," बाउडवाइन म्हणाला. "बिस्किटं बघा ना, तीही करपल्यासारखी दिसतात."

गोदेलीव्हने हातातलं बिस्कीट पाहिलं. ते खरोखरच करपलेलं होतं. फोनने रंग अगदी बरोबर दाखवला होता.

४

ओडिल आरशासमोर केसांना गुंडाळ्या लावून बसली होती. सत्तावीस वर्षं दुकानवाली होऊन ती आता खऱ्या आयुष्यातही सगळ्यांशी गल्ल्यामागून बोलल्यासारखी बोलायची.

"ये गं. काय हवं? चोर? आज शिल्लक नाही."

गोदेलीव्हने पिशवीतून जप्तीतला पांढरा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. ओडिलने तो न बघताच फिरवला आणि पाठीमागचा मजकूर वाचू लागली. "'घटक: मैदा, लोणी, साखर, दालचिनी आणि शेजारणीबद्दल दोन शब्द.' हं. हे बरोबर आहे."

"हे पडद्यावर कधी दिसलंय?"

"कधीच नाही. डब्याची पाठ कायम भिंतीकडे. हा विनोद फक्त आम्हा हात लावणाऱ्यांना माहीत. कंटाळवाणा प्रसंग असला की मी वाचायची आणि हसू दाबायची. समीक्षक लिहायचे, ओडिलच्या डोळ्यांत काय वेदना आहे."

मग तिने डबा पुढून पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"ही कोण?"

"फीनमावशी."

"छे. ही बाळांच्या खाऊवरची बाई झाली. गोड, गुळगुळीत, डोक्यात काही नसलेली. आमची मावशी अशी नव्हती. ती नाक वर करून बघायची, एक भुवई चढवून, चष्मा कपाळावर. मी गल्ल्यावर चुकीचे पैसे परत करतेय आणि ती मोजतेय, असं वाटायचं मला. पहिल्या वर्षी तर मी तिला घाबरायची." तिने आरशातून गोदेलीव्हकडे पाहिलं. गोदेलीव्हचा चष्मा बाउडवाइनच्या फोटोंपासून कपाळावरच होता.

ओडिलच्या हातातली गुंडाळी खाली पडली.

"काय झालं?" गोदेलीव्हने विचारलं.

ओडिल उत्तर द्यायच्या ऐवजी हसू लागली. आधी तोंडावर हात धरून, मग न धरता. रंगभूषेवाली धावत आली.

"ओडिल, एका बाईची नोकरी जातेय. काही कळलं असेल तर सांग."

"चोर कोण ते मला नाही ठाऊक. देवाशपथ," डोळे पुसत ओडिल म्हणाली. "पण हे दुसरं मी नाही सांगणार बाई. सत्तावीस वर्षं माझ्या डोक्यावर बसली होती ती. जा, खऱ्या डब्याकडे जा आणि स्वतःच बघ."

५

सेटवर जेवणाच्या प्रसंगाची तयारी चालली होती. गोदेलीव्ह मॉनिटरशेजारच्या खुर्चीत बसून विचार करत होती. समोर पडद्यावर टेबलावरचे रुमाल बर्फासारखे पांढरे दिसत होते. तिला नाक पुसायचं होतं. तिने उठून सेटवरचा एक रुमाल उचलला, आणि तो नाकाजवळ नेता नेता थांबली.

रुमाल तपकिरी होता. स्वच्छ, इस्त्रीचा, पण रंग दुधाच्या कॉफीचा. आणि त्याला चहाचा वास येत होता.

पडद्यावर पांढरा, हातात तपकिरी. तिने रुमाल पुन्हा टेबलावर ठेवला. पडद्यावर तो पुन्हा पांढरा झाला.

ती जवळजवळ पळतच प्रॉपर्टीच्या खोलीत गेली. "विव्हिना, हे पातेलं कशासाठी आहे?"

"रंगवायला. खरं पांढरं या दिव्यांखाली डोळ्यांत खुपतं, कॅमेऱ्यात नुसता झगझगाट होतो. म्हणून पांढरं जे जे येईल ते चहात बुडवायचं. शर्ट, पडदे, कागद, लेबलं. माझ्या आधीच्या बाईनं शिकवलं."

"आणि तू चहा किती पितेस?"

विव्हिना ओशाळली. "मला चहा आवडत नाही गं. तू दर वर्षी इतका महागाचा आणतेस, म्हणून बोलले नाही. पण रंग छान चढतो हो तुझ्या चहाने."

सत्तावीस वाढदिवसांचा भारी चहा दुसऱ्यांच्या पडद्यांना प्यायला घातला गेला होता. गोदेलीव्हने हे नंतर मनाला लावून घ्यायचं ठरवलं आणि तिबोला बोलावून घेतलं.

"बसा. हा खोटा डबा विव्हिनाने करवून घेतला असता, तर तो कोणत्या रंगाचा असता?"

"पांढरा. डबा पांढराच आहे."

"पडद्यावर. हातात तो तपकिरी आहे, बाउडवाइनच्या फोटोत बघा. विव्हिनाने तो स्वतः चहात बुडवला होता. जी बाई पांढरा रुमाल दिसला की पातेल्याकडे धावते, ती नक्कल पांढरी ठेवेल? ओडिलने तो शेकडो वेळा हाताळला, तिलाही रंग माहीत. बाउडवाइनकडे फोटो आहेत."

"मग ज्याने नुसती मालिका पाहिली असा बाहेरचा कुणीतरी."

"तसा असता तर पाठीवरचा मजकूर कुठून आणला? तो कधी दिसलाच नाही. इथे तर शब्द न् शब्द बरोबर आहे. म्हणजे डब्याची पाठ पाहिलेला, पण चहा न पाहिलेला माणूस हवा."

तिबोने पांढरा डबा फिरवून पाठीवरचा मजकूर वाचला. गोदेलीव्हने मनातल्या मनात त्याला डावीकडे एक लहानशी रक्कम लिहिली.

"असा माणूस कसा असेल?" शेवटी तो म्हणाला.

"ज्याने तो डबा जन्माला येताना पाहिला. विव्हिनाच्या पातेल्यात पडायच्या आधी, कोऱ्या पांढऱ्या कागदावर. असे दोघंच. एक, ज्याने ते चित्र शिक्क्यासाठी तपासलं. ती मी. तेव्हा मलाही संशयितांत धरा, माझी हरकत नाही."

"आणि दुसरा?"

विव्हिना खुर्चीत बसली. "ज्याने काढलं," ती म्हणाली. "पण तो तर माझ्यासाठी दर गुरुवारी फुलं आणतो."

६

सेर्व्हासचं घर मेखेलेनला, नदीकाठी. दाराशी आला तेव्हा त्याच्या अंगात रंगाचे डाग पडलेला स्वेटर होता आणि हातात पळी.

"तुम्ही होय," तो म्हणाला. "मला वाटलं पोलीस येतील. ते परवडले असते."

"आत येऊ?"

"सूप ठेवलंय. गोळे बिघडलेत."

टेबलावर डबा होता, तोंड भिंतीकडे करून. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"नक्कल तुमचीच ना?"

"माझी. गुरुवारी हा उचलला, दोन दिवस बसून नवा केला. सोमवारी सकाळी गुपचूप ठेवून द्यायचा होता. गेलो तर कपाटाला चिकटपट्ट्या, सगळीकडे गलका. विव्हिनाचं कपाट उघडं दिसलं, म्हटलं तिला सापडेल, ती शहाणी आहे, जागेवर ठेवून देईल आणि मिटेल प्रकरण."

"मिटलं खरं. आज संध्याकाळी तिला कामावरून काढताहेत. चोरी आणि फसवणूक."

पळी सेर्व्हासच्या हातून खाली पडली. त्याने लगेच खुंटीवरचा कोट ओढला आणि स्वेटरवरच, एका बाहीत दोन्ही हात घालायचा प्रयत्न करत चढवू लागला. हा माणूस चोर असला तरी बदमाश नव्हता.

"आधी गॅस बंद करा," गोदेलीव्ह म्हणाली. "गाडीला अजून अवकाश आहे. नवा डबा पांढरा का केलात? जुना तर समोर होता."

"तो किती मळलाय पाहिलंत? पडद्यावर दर आठवड्याला स्वच्छ दिसतो, हा तर धूर खाल्ल्यासारखा. म्युझियमवाले विव्हिनाला बोल लावतील, नीट सांभाळला नाही म्हणतील. म्हणून मी मूळ रंग दिला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मळ नव्हता का तो?"

"चहा होता."

"चहा," सेर्व्हास म्हणाला आणि खुर्चीवर बसला. "मी कागदावरचा माणूस, सेटवर कधी गेलोच नाही. सूपपुरता यायचो."

"बरं, पण हे सगळं कशासाठी? विकायचा नव्हता, ठेवायचा नव्हता. मग?"

सेर्व्हासने उठून गॅस बंद केला. नदीवरून एक बोट फटफटत गेली. मग तो म्हणाला, "ते चेहरा तीन मजली करणार होते. उद्घाटनाला तुम्ही येणार होतात."

गोदेलीव्हने हात पुढे केला. "नको," तो म्हणाला. तिने डबा फिरवला.

तपकिरी डब्यावरून तिशीतली एक बाई तिच्याकडे बघत होती. नाक किंचित वर, एक भुवई चढलेली, चष्मा कपाळावर, आणि हनुवटीखाली दुसरी हनुवटी यायच्या बेतात. कशावरून खरं, असं विचारणारी नजर. या बाईला कुठेतरी पाहिलंय, गोदेलीव्हला वाटलं. आणि मग आठवलं. रोज सकाळी, केस विंचरताना.

ट्राममधली हसणारी माणसं, अंड्यांचा भाव विचारणारी आजी, ओडिल, बाउडवाइन, सगळी एकदम रांगेत येऊन उभी राहिली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "ही कुणी जिवंत व्यक्ती आहे का."

"विचारलं होतंत. मी नाही म्हणालो. तुम्ही मान वर न करता शिक्का मारलात. मान वर केली असतीत तर तिथंच पकडला गेलो असतो."

"मी नावं तपासते. नाकं नाही."

"आपल्या नशिबाने." तो पळी उचलून पुसू लागला, बराच वेळ. "आठवतं, बिस्किटांसाठी मी आठ नावं आणली होती? तुम्ही सात बाद केलीत. पहिली दोन मी खरंच मनाने काढली होती. बाकीची पाच मी आधीच शोधून ठेवायचो, खरी कंपनी आहे याची खात्री करून. म्हणजे तुम्ही बाद कराल आणि पुन्हा यावं लागेल."

सत्तावीस वर्षं गोदेलीव्ह असा समज करून होती की या मालिकेच्या नावांत आपण एकही चूक केली नाही. तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मग पुन्हा वर केला. दोन्हीकडून फारसं दिसत नव्हतं.

"मग आठवं का आणलंत?" तिने विचारलं.

"पहिला भाग तोंडावर आला होता. आणि धीर झाला नाही."

गाडीत डबा तिने मांडीवर घेतला होता. समोरच्या बाकावरचा माणूस डब्याकडे पाही, तिच्याकडे पाही, पुन्हा डब्याकडे. सेर्व्हास पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता, कान लाल करून.

७

तिबोने सगळं ऐकून घेतलं, कागद फाडला, आणि दुसऱ्या दिवशी विव्हिनासमोर तांदळाचा गोड टार्ट घेऊन उभा राहिला. "माझं चुकलं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, नाकासमोर चालणारी माणसं मागेही सरळच येतात. विव्हिनाने टार्ट घेतला आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, "चहा घेणार ना?" त्याने पूर्ण कप संपवला. दोन दिवस त्याचे दात तपकिरी दिसत होते, पण मॉनिटरवर ते पांढरे आले असते असं विव्हिनाचं म्हणणं.

सेर्व्हासला शिक्षा म्हणून दर गुरुवारी सगळ्यांसाठी गोळे वळायला बसवलं. पांढरा डबा बाउडवाइनला मिळाला. बिस्किटं करपू नयेत अशी एक अट कायदा विभागाने परवानगीत घातली.

राहिला अस्सल डबा. नियम असा, की जिवंत व्यक्तीचा चेहरा भिंतीवर लावायचा तर त्या व्यक्तीची संमती हवी.

"मिळेल का?" सेर्व्हासने विचारलं.

"विचारून बघते. बाई जरा खडूस आहे." गोदेलीव्हने विचार केला. "पण दुसरी हनुवटी खोडायची नाही म्हणते. गुळगुळीत केलेलं तिला चालत नाही. आणि माझं नाव कुठे यायचं नाही."

उद्घाटनाच्या दिवशी अर्धं मेखेलेन लोटलं होतं. तीन मजली फीनमावशी एक भुवई चढवून गावाकडे बघत होती आणि खालून जाणारी माणसं नकळत आपापले खिसे चाचपत होती. गोदेलीव्हने मुद्दाम मोठी टोपी घातली होती. तरी गर्दीतली एक बाई मान वर करून भिंत बघताना मागे मागे आली आणि तिच्यावर आदळली. माफी मागता मागता ती थबकली. भिंतीकडे पाहिलं, टोपीखाली पाहिलं.

"तुम्ही इथल्याच का हो?" तिने विचारलं. "ही फीनमावशी खरंच कुणी होती का?"

गोदेलीव्हच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं. हजारदा लिहिलेलं, खात्री केलेलं, शिक्का मारलेलं. पलीकडून सेर्व्हास गर्दीतून वाट काढत येत होता. त्याच्या हातात कॉफीचे दोन कप होते, अंगात स्वच्छ कोट होता, आणि या खेपेला दोन्ही हात आपापल्या बाहीत होते.

"चौकशी चालू आहे," ती म्हणाली, आणि तिने टोपी काढली.